पासवर्ड कुणाला दिला होतास?

‘मॅडम, हॉस्टेलच्या वायफायवर आपण काय काय बघतो ते सगळं त्यांना दिसतं का?’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा वेळा तरी येतो. सरळ कुणी विचारत नाही. आधी डोकं दुखतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, झोप येत नाही असं सांगून होतं आणि उठून दारापाशी गेल्यावर, मागे न वळता, हा प्रश्न येतो. ज्याची गोष्ट सांगतेय त्यानेही तसाच विचारला. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.)

दुसऱ्या वर्षाचा मुलगा. आठवडाभर धड झोपला नव्हता. रात्ररात्र मोबाइल बघत असणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं आणि वीसेक मिनिटं झोपेच्या वेळा, मोबाइल उशापासून लांब ठेवणं वगैरे बोलत बसले. तो प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. एवढ्या तत्परतेने मान डोलावणाऱ्याचं लक्ष दुसरीकडेच असतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं. दारातून तो प्रश्न आला तेव्हा मी त्याला परत बसवलं.

मग त्याने मोबाइलवरचा मेल दाखवला. त्याच्या लॉगिनवरून टोरेंटने एक चित्रपट उतरवला आणि वाटला गेल्याची तक्रार आली आहे, लॉगिन तात्पुरतं बंद केलं आहे, लेखी खुलासा द्यावा. मुदत संपायला तीन दिवस उरले होते आणि त्याने एक ओळही लिहिली नव्हती.

चित्रपट त्याने उतरवलाच नव्हता, हे त्याने पहिल्यांदा सांगितलं. मग एवढी भीती कसली? तर ‘मी नाही केलं’ म्हटलं की ते तपासणार, तपासायला त्याचा सगळा इतिहास उघडणार आणि रात्री दोन वाजता तो जे बघतो ते समितीपुढे वाचून दाखवणार. काय बघतो ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. कान लाल झाले होते, तेवढं पुरे होतं. ही लाज टाळण्यासाठी तो न केलेला गुन्हा अंगावर घ्यायला तयार झाला होता.

धीर द्यायला ‘अरे, काही दिसत नाही’ असं म्हणणं सोपं होतं. पण मलाच नक्की ठाऊक नव्हतं. त्याची परवानगी घेऊन, नाव न सांगता, मी नेटवर्क सांभाळणाऱ्या इंजिनिअरला गाठलं. त्याने मला स्वतःचीच त्या सकाळची एक नोंद काढून दाखवली. एकच ओळ. वेळ, लॉगिन, जोड्याजोड्यांनी लिहिलेला उपकरणाचा बारा अक्षरी क्रमांक, त्या वेळी मिळालेला आयपी पत्ता (म्हणजे नेटवर्कवरचा आकडी पत्ता), साइटचं नाव आणि किती डेटा गेला-आला. साइट त्याच्या बँकेची होती. बँकेचं नाव दिसत होतं, खात्यात किती आहेत ते नव्हतं. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असलेल्या साइटवर आपण कुठलं पान उघडलं, काय टाइप केलं, कुणाला काय लिहिलं, हे मधल्या नेटवर्कला वाचता येत नाही. साइटचं नाव मात्र बहुतेक वेळा दिसतं. ब्राउझरच्या इनकॉग्निटोने यात काही फरक पडत नाही. तो फक्त आपल्या यंत्रावर इतिहास ठेवत नाही. व्हीपीएनने, म्हणजे आपली सगळी ये-जा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे झाकून नेणाऱ्या सोयीने, नावही झाकलं जातं, पण व्हीपीएन चालू आहे हे कळतं आणि कित्येक हॉस्टेलांच्या नियमांत तेच बसत नाही. एक अपवाद त्याने आवर्जून सांगितला: संस्थेने स्वतःचं प्रमाणपत्र (साइटची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) तुमच्या मोबाइलमध्ये टाकायला लावलं असेल, तर आतलंही उघडून बघता येतं. आमच्याकडे तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. ‘साइटचं नाव दिसतं. तिथे काय पाहिलंस ते नाही. आणि ते नाव शोधायलाही कुणीतरी मुद्दाम बसावं लागतं.’ हे अर्धंच समाधान होतं, पण बहुधा अर्धं होतं म्हणूनच त्याचा विश्वास बसला. खांदे जरा खाली आले. मग त्याला खरा प्रश्न सुचला: ‘मग टोरेंटचं कसं कळलं?’

ते कॉलेजने शोधलंच नव्हतं. टोरेंटमध्ये फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि आलेले तुकडे आपलं यंत्र त्याच वेळी इतरांना देत असतं. म्हणजे नुसतं घेणं नसतं, वाटणंही असतं. त्या देवघेवीत असलेल्या प्रत्येकाला बाकीच्यांचे आयपी पत्ते दिसतात. हक्कदार कंपन्यांची माणसंही त्यात शिरतात, पत्ता आणि वेळ टिपतात, आणि तो पत्ता ज्या संस्थेचा असेल तिला तक्रार धाडतात. पुढे संस्थेने आपल्या नोंदीत बघायचं, त्या मिनिटाला हा पत्ता कुणाच्या लॉगिनवर होता. उत्तरात याचं नाव निघालं.

‘लॉगिन तुझं. लॅपटॉपही तुझाच?’

बराच वेळ गेला. नियमाप्रमाणे प्रत्येकाला दोन उपकरणं जोडता येत. एक त्याचा लॅपटॉप. दुसरा शेजारच्या खोलीतल्या शेवटच्या वर्षाच्या दादाचा. त्या दादाची दोन्ही उपकरणं आधीच भरली होती, तिसऱ्यासाठी त्याने याचा पासवर्ड मागितला. ‘दोन दिवसांसाठी.’ त्याला पाच महिने झाले होते. याचा स्वतःचा मोबाइल मग वायफायला जोडताच येईना, तेव्हा हा इतके महिने स्वतःच्या पैशाने मोबाइल डेटा भरत होता. आणि रात्री दोनचं जे काही होतं ते त्याच मोबाइलवर होतं. म्हणजे ज्याची धास्ती घेऊन तो आठवडाभर जागा होता ते हॉस्टेलच्या नोंदीत आलेलंच नव्हतं! हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो हसला. मला मात्र हसू आलं नाही. पासवर्ड परत मागायची हिंमत होत नाही म्हणून पाच महिने खिशाला खार लावून घेणारा मुलगा माझ्यासमोर बसला होता, आणि मी त्याला झोपेच्या वेळा समजावत होते.

त्याला मी हॉस्टेलचे नियम आणायला लावले. चौदा कलमं. प्रवेशाच्या दिवशी न वाचता ‘मान्य’वर खूण केलेली. (माझ्या ऑफिसच्या वायफायचे नियम मीही आजवर वाचलेले नाहीत.) लॉगिन दुसऱ्याला देऊ नये, दिल्यास त्यावरून होणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी लॉगिनधारकाची, हे चौथं कलम. खाली स्वतःचा राउटर लावायला बंदी. ‘हे कशाला?’ म्हणाला. हे मला इंजिनिअरने सांगितलं होतं. घरचा राउटर चुकीच्या खाचेत जोडला की तोच आजूबाजूच्या यंत्रांना पत्ते वाटायला लागतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट जातं. शिवाय वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. खोलीखोलीत राउटर आले की सगळ्यांचाच गोंधळ. रात्री एक ते पाच नेट बंद ठेवण्याचंही कलम होतं. ते मला स्वतःला पटत नाही. मुलं झोपत नाहीत, मोबाइल डेटावर जातात.

खुलाशाचा पहिला मसुदा तीन पानी होता. घरची परिस्थिती, आईचं आजारपण, पुन्हा असं होणार नाही. चित्रपट कुणी उतरवला, याबद्दल अवाक्षर नाही. मी म्हटलं, आठ ओळींत लिही. पासवर्ड साधारण कधी दिला, तो नियमभंग आहे हे मान्य. चित्रपट मी उतरवलेला नाही. माझ्या लॅपटॉपचा क्रमांक हा, नोंदीतल्या क्रमांकाशी ताडून पाहावा.

नाव लिहायचं की नाही ते मी त्याच्यावर सोडलं. तो म्हणाला, आधी दादाशी बोलतो. मग माझ्याच खोलीत आम्ही तालीम केली. मी दादा झाले.

‘दादा, ते तुझ्या लॅपटॉपवरून झालंय. तू लिहून दे, नाहीतर मला तुझं नाव द्यावं लागेल... म्हणजे, जमलं तर.’

‘जमलं तर’ काढायला पाच वेळा म्हणावं लागलं.

दादाने लिहून दिलं, पण अर्धवट: लॅपटॉप आपला, टोरेंट मित्राने चालवला. समितीने किती खरं मानलं ते मला कळलं नाही. याचं लॉगिन पासवर्ड दिल्याबद्दल आणखी दोन आठवडे बंद राहिलं आणि हमीपत्र द्यावं लागलं. घरी कळवणार का, ही धाकधूक उरली होती. नियमात ते दुसऱ्या वेळेसाठी होतं, तरी त्याने आईला आपणच फोन केला. दादा आता जिन्यात बोलत नाही. त्याचं त्याला वाईट वाटतं, अजूनही.

महिन्याभराने तो पुन्हा आला. बसला नाही, दारातच उभा राहिला.

‘पहिल्या वर्षाच्या एकाने पासवर्ड मागितला. मी नाही म्हटलं.’

‘मग?’

‘मग त्याला माझा हॉटस्पॉट दिला. असाइनमेंट भरायची होती, दहा मिनिटं राहिली होती.’

‘हॉटस्पॉट चालतो का तुमच्याकडे?’

‘नाही. कलम नऊ.’ त्याने घड्याळाकडे बघितलं. ‘साडेसातव्या मिनिटाला बंद केला.’