जुन्या ॲटलस सायकलची कमी खर्चात फिक्स्ड गिअर करता येईल का?

येईल. फिक्स्ड गिअर म्हणजे मागचं दातेरी चाक मागच्या चाकाला पक्कं जोडलेलं, त्यामुळे चाक फिरतं तोवर पायडलही फिरतच राहतं. आणि त्यासाठी ॲटलसची फ्रेम चांगलीच सोयीची आहे. तुम्ही लिहिलंय की वडिलांची २२ इंची ॲटलस गॅलरीत पडून आहे, तीन-चार हजारांच्या वर जायचं नाही, आणि व्हिडिओत दिसतात तसे दोन्ही ब्रेक काढून टाकायचे आहेत. पहिल्या दोन गोष्टी जमतील. तिसरी मात्र करू नका, पुढचा ब्रेक राहिलाच पाहिजे. त्याबद्दल पुढे लिहितो.

फ्रेम सोयीची का ते आधी. फिक्स्ड सायकलला चेनचा ताण चाक मागे-पुढे सरकवूनच जमवावा लागतो, कारण सैल चेन ओढून धरणारं दुसरं काही तिथे नसतं. गिअरच्या नव्या सायकलींत एक्सलची खाच बहुधा उभी असते, त्यामुळे चाक सरकायला जागाच नसते. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना ती खाच आडवी आणि लांब असते. म्हणजे फ्रेम कापणं, जोडणं काहीच नको.

दात्यांचाही हिशेब जमलेला आहे. तुमचे मोजून बघा, बहुतेक चेनव्हील (पायडलजवळचं दातेरी चाक) ४४ दात्यांचं आणि मागचं फ्रीव्हील (पायडल थांबवलं तरी चाक फिरू देणारं) १८ दात्यांचं निघेल. २८ इंची चाकाला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी २६ किलोमीटर. शहरात फिक्स्ड चालवायला हे प्रमाण छान आहे, त्यामुळे चेनव्हील बदलायला पैसे घालवू नका.

आता खरा प्रश्न मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याचा. सगळं बजेट इथेच लावायचं.

फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसतं, १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. फिक्स्डचा कॉग, म्हणजे फ्रीव्हीलच्या जागी येणारं एकसंध दातेरी चाक, त्याच आट्यांवर चढतो. पुढे पायडल मारलं की तो घट्ट होत जातो. पण फिक्स्डवर वेग कमी करायला पायाने मागे जोर लावता, तेव्हा तोच कॉग सुटायला बघतो. म्हणून खऱ्या फिक्स्ड हबवर कॉगच्या बाहेर थोड्या लहान व्यासाचे उलटे आटे असतात, डाव्या पायडलला असतात तसे, आणि त्यावर लॉकरिंग, म्हणजे कॉगला अडवून धरणारी कडी, बसते. कॉग सुटायला लागला की लॉकरिंग आणखी आवळली जाते. तुमच्या जुन्या हबवर हे उलटे आटे नाहीत.

यावर तीन मार्ग सांगितले जातात. पहिला, गल्लीतल्या वेल्डरकडून फ्रीव्हीलच जाम करून घेणं. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट. उष्णतेने दात्यांचं पाणी उतरतं, फ्रीव्हील मध्यावर राहीलच असं नाही, आणि हबवरचे आटे तर तेच राहतात. मागे जोर दिला की ते जाम फ्रीव्हील अख्खंच्या अख्खं सुटून येतं.

दुसरा मार्ग असा: जुन्याच हबवर कॉग चढवायचा, आट्यांना थ्रेडलॉक (आटे चिकटवून धरणारा द्रव) लावायचं आणि बाहेरून बीबीच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांमधल्या एक्सलच्या, डाव्या कपाची लॉकरिंग बसवायची. तिचे आटे तेच १.३७ इंचांचे, त्यामुळे ती चढते, आणि कुठल्याही सायकल दुकानात किरकोळ किमतीत मिळते. पण ती सरळ आट्यांची आहे. कॉग सुटायला लागला तर ती त्याच्याबरोबर सुटते, अडवत नाही. सपाट रस्त्यावर, दोन्ही ब्रेक जागेवर ठेवून, पायाने फक्त हळूहळू वेग कमी करायचा असेल तर हे चालेल. फिक्स्ड आपल्याला आवडते का एवढंच बघायचं असेल तर इथूनच सुरुवात करा. या सायकलीवर चाक लॉक करून घसरवण्याचे प्रकार नकोत.

तिसरा मार्ग मी माझ्या सायकलला केला आणि तुम्हालाही तोच सुचवेन: मागे लॉकरिंगच्या आट्यांचा फिक्स्ड हब असलेलं चाक. इथे एक अडचण येते ती आधीच कळलेली बरी. आपल्या जुन्या सायकलींच्या पुढच्या रिमला तारांची ३२ आणि मागच्या रिमला ४० भोकं असतात. फिक्स्ड हब सहसा ३२ किंवा ३६ भोकांचे मिळतात, म्हणजे तुमच्या जुन्या रिमवर ते विणता येणार नाहीत. म्हणून मागे ७००सी मापाचं तयार चाक घ्या. जुनी रिम ६३५ मिलिमीटरची, ही ६२२ ची. मागची बाजू अगदी किंचित खाली बसते, चालवताना जाणवत नाही. हबची रुंदी मात्र आधी मोजा. फिक्स्ड हब १२० मिलिमीटरचा असतो आणि जुन्या फ्रेममध्ये तेवढी जागा नसते. फ्रेम पोलादी असल्यामुळे थोडी फाकवता येते, पण ते जाणत्या मेकॅनिककडून दोन्ही बाजूंना सारखं करून घ्या. एक्सल जाड निघाला तर खाच कानसीने जराशी घासावी लागेल. नवं चाक परवडत नसेल तर जुन्या बाजारात असं चाक शोधा. हबचे आटे बोटाने चाचपून बघा, झिजलेले असतील तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

कॉग बसवल्यावर एखाद्या चढावर उभं राहून जोरात पायडल मारा, म्हणजे तो पुरता बसेल. मग लॉकरिंग पुन्हा आवळा. पहिल्या आठवड्यात हे परत एकदा करा.

बाकी खर्च किरकोळ आहे, पण कॉटर पिनांकडे, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला धरून ठेवणाऱ्या पिनांकडे, दुर्लक्ष करू नका. साध्या सायकलीत क्रँकवर जोर एकाच दिशेने येतो, फिक्स्डमध्ये दोन्ही दिशांनी, त्यामुळे जुनी पिन हलायला लागते आणि क्रँकचं भोक खराब करते. दोन्ही पिना नव्या घाला, नीट ठोकून बसवा, थोडं चालवून नट परत आवळा. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद झाला, पण पिना, कप, छर्रे, बीबी एक्सल यांची मापं या जातीच्या सगळ्या सायकलींना जवळपास तीच, त्यामुळे तालुक्याच्या गावातही मिळतात. चेन नवीनच घ्या, एक-अष्टमांश इंच रुंदीची. मागून एक डोळा मिटून बघा: चेनव्हील आणि कॉग एका रेषेत हवेत. चेनला मध्यावर अर्धा इंच झोळ ठेवा. फिक्स्डमध्ये चेन उतरली तर मागचं चाक जागच्या जागी अडकू शकतं, म्हणून हा भाग सावकाश करा.

आता ब्रेक. पुण्यातल्या बालेवाडीच्या वेलोड्रोमसारख्या, सायकल शर्यतींच्या ट्रॅकवरच्या सायकलींना ब्रेक नसतात, कारण तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि कोणालाच एकदम थांबायचं नसतं. आपल्या रस्त्यावर रिक्षा आडवी येते. थांबताना वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. नुसत्या मागच्या चाकावर थांबायला जवळजवळ दुप्पट अंतर लागतं, मग पायात कितीही जोर असो. म्हणून पुढचं चाक, चिमटा आणि सळ्यांचा ब्रेक आहे तसाच ठेवा. त्या रिमवर तारेचा कॅलिपर ब्रेक नीट धरतही नाही. रबर नवे घाला, सळ्यांचे सगळे नट आवळा. ओल्या स्टीलच्या रिमवर हा ब्रेक फार कमी पकडतो, त्यामुळे पावसात वेग आधीपासूनच कमी ठेवा. घाटात ही सायकल नेऊच नका: ताशी ४० चा वेग आला की पाय मिनिटाला १२० पेक्षा जास्त फेरे मारायला लागतात, आणि ते तुमच्या हातात राहत नाही.

चालवताना सवयी बदलाव्या लागतात. डाव्या पायडलवर पाय ठेवून दोन ढांगा टाकायच्या आणि टांग मारायची, हे इथे जमत नाही, कारण पायडल चाकाबरोबर फिरतं. हाफ पायडलही नाही. वळणावर पायडल वर धरून ठेवता येत नाही, त्यामुळे फार कलू नका. गतिरोधकावर पाय थांबवून उभं राहायची सवय सगळ्यात उशिरा सुटते. पाय थांबवले की सायकल तुम्हाला सीटवरून उचलते. मोकळं मैदान गाठा आणि आधी फक्त सावकाश थांबायचा सराव करा. पायडलला पट्टे लावा, नाहीतर वेगात पाय सुटला की तेच फिरतं पायडल पोटरीवर बसतं.

घरातल्या सगळ्यांना सायकल बदलल्याचं सांगून ठेवा. कोणी ती नुसती मागे ओढली तरी पायडल फिरून नडगीवर लागतं. चेनकव्हर काढलंत तर साडी, ओढणी, पायजमा यांचा धोका आहे, म्हणून मी माझं अर्धं कव्हर ठेवलं आहे. आणि चाक फिरत असताना फडक्याने चेन पुसायची नाही. फ्रीव्हीलच्या सायकलीत बोट अडकलं तर चेन थांबते, इथे चाकाचा सगळा वेग ते बोट कॉगमध्ये ओढतो. बोटं तुटतात, अतिशयोक्ती नाही.

जुनं मागचं चाक, फ्रीव्हील आणि मागच्या ब्रेकच्या सळ्या पिशवीत भरून नीट ठेवा. वडिलांची सायकल आहे, एका दुपारच्या कामात ती परत होती तशी व्हायला हवी. म्हणून फ्रेमवरची काहीही कडी किंवा हूक कापू नका, मूळ रंगही खरवडू नका.

मागच्या रिमची भोकं आणि मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून इथे लिहा. कुठला हब बसेल ते त्यावरून सांगता येईल.