भविष्य नको, पण पत्ते हवेत!

प्रश्न: माझा भविष्यावर काडीचा विश्वास नाही पण जुन्या धाटणीचे भविष्याचे पत्ते दिसले की राहवतच नाही. चार कॅट झालेत, आता पाचवा मागवलाय, तो छत्तीस पानांचा लेनॉर्मंड. नवरा म्हणतो यात धड रमीसुद्धा खेळता येत नाही, मग उपयोग काय? हे खूळ आहे का, आणि या जुनाटपणात असं काय आहे?

उत्तर: खूळ असेल तर असू दे हो, मलाही आहे.

आधी रमीचं बघू. लेनॉर्मंडच्या बहुतेक कॅटमध्ये प्रत्येक पानावर साध्या पत्त्याची बारीकशी खूण असते बघा, घोडेस्वाराच्या चित्रावर बदाम नव्वी, सापावर किलवर राणी, शवपेटीवर चौकट नव्वी. दुरी ते पंजी काढून टाकली की उरतात तीच ही 36 पानं, म्हणजे नवरोबा पूर्ण चूक नाहीत पण पूर्ण बरोबरही नाहीत.

आणि मुळात हा खेळच होता! 1799 च्या सुमाराला जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या हेख्टेल नावाच्या माणसाने काढलेला, पानं सहा-सहाच्या ओळीत मांडायची, दोन फासे टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची, आपल्या सापशिडीसारखंच, 35 नंबरच्या नांगरावर पोचलात की जिंकलात. मादाम लेनॉर्मंड ही पॅरिसची गाजलेली भविष्यवाली, ती 1843 ला गेली आणि मग तिचं नाव या पानांना चिकटलं, कारण नावावर माल खपतो, तेव्हाही खपायचा. टॅरो या भविष्याच्या दुसऱ्या पत्त्यांचंही तेच, 15व्या शतकात इटलीत डाव मांडून खेळायचे, भविष्याचं प्रकरण जोरात सुरू झालं ते 18व्या शतकात फ्रान्समध्ये.

आता आवडतं काय, तर मला विचाराल तर चित्रं. पत्र, किल्ली, जहाज, कुत्रा, घर, झाड. अर्थासाठी पुस्तक उघडायला लागत नाही, किल्ली दिसली की मन आपोआप कुठल्यातरी बंद दाराशी जाऊन उभं राहतं, यात भविष्य कुठे आलं? शिवाय टॅरोच्या बऱ्याच जुन्या पानांवर ठसा लाकडाचा आणि रंग स्टेन्सिलने, म्हणजे कापलेल्या साच्यातून भरलेला, त्यामुळे लाल रंग रेघ सोडून गालावरून थेट कॉलरवर गेलेला असतो, कुणाचातरी हात घाईत होता हे दिसतं. मला तेच आवडतं.

फक्त नव्याने "जुना" केलेला कॅट घेताना जरा बघून घ्या. माझ्याकडे एक आहे, त्यात चहा सांडल्यासारखा पिवळा डाग छत्तीसच्या छत्तीस पानांवर त्याच कोपऱ्यात छापलाय, एकदा लक्षात आलं की मग दुसरं काही दिसतच नाही. त्यापेक्षा जुन्या कॅटची स्वच्छ नक्कल बरी, म्हातारा तो तुमच्या हातात पिसून पिसून होईलच.

पाचवा कॅट आला की सहा-सहाच्या ओळीत मांडा, सापशिडीचे फासे शोधा आणि नवऱ्याला समोर बसवा.