ऑफिसच्या छोट्या पीसीत जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, १८० वॅटचा पॉवर सप्लाय बदलू का?

माझं मत विचाराल तर बदलू नका. सप्लायसाठी बाजूला काढलेले चार हजार कार्डात घाला.

तुम्ही लिहिलंय त्यावरून परभणीत सेकंडहँड घेतलेला आडवा, चपटा ऑफिस पीसी दिसतोय, आय५-६५०० प्रोसेसरवाला. त्यात १६६० सुपरचं पहिलं भांडण वॅटशी नाहीच, उंचीशी आहे. ते कार्ड पूर्ण उंचीचं; चपट्या केसचं झाकणच लागणार नाही. वॅटचं नंतर बघू.

तरी एकदा केस उघडून बघाच. साध्या पीसीत मदरबोर्डला २४ पिनचा प्लग जातो. डेल, एचपीच्या अशा मशीनमध्ये तिथे बहुधा ६ किंवा ८ पिन दिसतील. कन्व्हर्टर केबल ऑनलाइन मिळते, पण सप्लायचा आकारही कंपनीचा स्वतःचा असतो. बाजारातला एसएफएक्स, म्हणजे छोट्या केससाठीचा सप्लाय, १२५ मिमी रुंद, ६३.५ मिमी उंच. तो त्या खाचेत बसत नाही आणि स्क्रूची भोकंही जुळत नाहीत. मग लोक झाकण काढून सप्लाय बाहेर लटकवतात. चालतं म्हणे. घरात लेकरंबाळं असतील तर माझा साफ नकार.

दुकानदार साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीतून कार्डासाठी ६ पिनचा प्लग काढून देणारं अडॅप्टर पुढे करेल, ते तर अजिबात घेऊ नका. साटाच्या प्लगमधल्या १२ व्होल्टच्या तीन पिना प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे सगळे मिळून ५४ वॅट. ६ पिनवालं कार्ड त्यातून ७५ पर्यंत ओढू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथेच.

तुमच्यासाठी कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं. ७० वॅट, सगळी वीज मदरबोर्डवरच्या कार्डाच्या खाचेतून (स्लॉटमधून)च, वेगळी वायर नाही. प्रोसेसर ६५ चा, बाकी सगळं धरून १८० मध्ये बसतं, पण जेमतेम. म्हणून जास्तीच्या हार्ड डिस्क जोडू नका. बजेट आणखी कमी असेल तर जुनं जीटीएक्स १६५० लो प्रोफाइल. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅटचं, मोह होतो, पण ते स्लॉटमधल्या डेटाच्या चारच वाटा (लेन) वापरतं आणि तुमच्या बोर्डाचा स्लॉट जुन्या, हळू पिढीचा (जेन ३), त्यामुळे काही गेममध्ये चांगलंच मागे पडतं. घेण्याआधी मशीनच्या मॅन्युअलमध्ये स्लॉट किती वॅट देतो ते बघा. काही जुन्या मॉडेलांत तो पूर्ण ७५ देत नाही.

१६६० च हवं असेल तर हे मशीन विकून साधा टॉवर घ्या, त्यात नेहमीचा एटीएक्स सप्लाय बसतो. तेव्हा डब्यावरचा मोठा आकडा सोडा, स्टिकरवर १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. खऱ्या ४५० वॅटच्या सप्लायवर ३५ च्या आसपास असतात. लोकल मालावर १६ दिसले तर हिशोब करा, १९२ वॅट. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर, त्यात पत्र्याची खोली. असला सप्लाय तिथे टिकणार नाही.

आणि घरी स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) इन्व्हर्टर असेल तर नवा सप्लाय ॲक्टिव्ह पीएफसीचा (लाइनमधून वीज सुरळीत ओढणाऱ्या सर्किटचा) आहे का ते विचारून घ्या. ह्या दोघांचं नीट जमत नाही, लाइट गेली की पीसी रीस्टार्ट होण्याची शक्यता असते.