ज्यू शाळांतले मास्तर कसे घडतात?

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी आर्वी तालुक्यातली, बीएड करून राह्यली. अमेरिकेत ज्यूंच्या शाळेत शिकवायला वेगळी पदवी लागते असं ऐकलं, तर त्यात नेमकं काय शिकवतात, आणि आपल्या कामाचं त्यात काही आहे का?

उत्तर: ताई, छान विचारलं. तिथल्या ज्यू डे स्कूलमधे पोरं गणित-विज्ञानासोबत हिब्रू भाषा आणि तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, पण शिकतात, म्हणून मास्तरला धर्मग्रंथही आला पाहिजे आणि तो आठवीच्या पोराला कसा समजवायचा तेही, आणि दुसरंच जास्त अवघड असते बरं. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठात त्यासाठी अझ्रिएली नावाचं वेगळं ग्रॅज्युएट स्कूल आहे. २००२ मधे ब्रँडाइज विद्यापीठ आन हिब्रू युनियन कॉलेजात डेलेट नावाचा कोर्स निघाला, त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिकणारा वर्षभर खऱ्या शाळेत, एका अनुभवी मास्तरच्या वर्गात राहायचा, पाहायचा, शिकवायचा, मग दोघं बसून बोलायचे की आज पोरांना काय कळलं अन काय नाही.

आपल्या दोन वर्षांच्या बीएडमधे किमान २० आठवडे इंटर्नशिप आहेच, पण कित्येक ठिकाणी ती पाठाच्या वह्या भरण्यातच जाते, याचं मला मनापासून वाईट वाटते. तुम्ही झेडपीच्या शाळेत गेल्या की एखाद्या चांगल्या बाईंना धरा, रोज पंधरा मिनिटं मागा, नाही म्हणणार नाहीत. आणि हो, आपल्याकडंही मुंबईत बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची शाळा १८७५ मधे हाइम सॅम्युएल केहिमकरांनी काढली, ते लोक घरी मराठीच बोलत.