कुत्र्याच्या धमनीतली इजा आणि वडिलांची गोळी

प्रश्न: तीन गोळ्या घेऊनही वडिलांचं बीपी खाली येत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल सुरू केलंय. सोबतच्या कागदावर वाचलं की प्राण्यांवरच्या चाचण्यांत हृदयाला, रक्तवाहिन्यांना इजा झाली. तेव्हापासून माझी झोप उडालीये. गोळी बंद करू का?

उत्तर: ताई, आधी एकच सांगते, मनाने गोळी बंद करू नका. अचानक थांबवली तर बीपी उसळी मारतं आणि तो धोका कागदावरच्या धोक्यापेक्षा खूप जवळचा आहे.

आता कागदावरचं. ते खोटं नाहीये. कुत्र्यांना हे औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत हृदयाच्या उजव्या कप्प्यात रक्तस्राव आणि कॉरोनरी धमन्यांच्या, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या, भिंतीला इजा दिसली. मायक्रोस्कोपखाली धमनीच्या मधल्या थरातल्या स्नायूपेशी मेलेल्या दिसतात, आणि त्या भिंतीतच लाल पेशी घुसून बसलेल्या असतात, जिथे त्यांनी असायलाच नको. वाचून पोटात गोळा येणारच.

पण हे होतं कसं ते बघा. औषध धमन्या सैल सोडतं, बीपी धाडकन पडतं, शरीर घाबरून हृदयाला पळवतं, आणि सैल झालेल्या भिंतीवर त्या जोरात वाहणाऱ्या रक्ताचा ताण येतो, म्हणजे औषधाने भिंतीवर विष टाकलं असं नाही, बीपी गरजेपेक्षा जास्त पाडल्याचा तो परिणाम आहे असं बहुतेक संशोधक मानतात. त्यात कुत्र्याच्या कॉरोनरी धमन्या या बाबतीत फारच हळव्या. धमन्या सैल करणाऱ्या इतरही औषधांनी त्यांच्यात असंच होतं. आणि ती कुत्री निरोगी होती हो, त्यांचं बीपी मुळात वाढलेलंच नव्हतं! तुमच्या वडिलांचं वाढलेलं आहे. मिनॉक्सिडिल घेतलेल्या माणसांच्या पोस्टमॉर्टममध्ये कुत्र्यांसारखा तो रक्तस्राव आढळला नाही.

म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग फुकट असं मात्र मी म्हणणार नाही. उलट्या बाजूनेही फसगत होते. उंदराच्या मानेतल्या धमनीत छोटा फुगा फिरवून आतलं अस्तर खरवडतात, मग दोनेक आठवड्यांत मधल्या थरातल्या पेशी आत सरकून वाढतात आणि धमनी अरुंद होते. 1989 साली सिलाझाप्रिल नावाच्या बीपीच्या औषधाने ही वाढ छान रोखली, सगळ्यांना वाटलं अँजिओप्लास्टीनंतर, म्हणजे फुग्याने धमनी उघडल्यावर, ती पुन्हा अरुंद होण्याचा प्रश्न सुटला, पण 1992 ला माणसांवरच्या चाचणीत काही उपयोग झाला नाही. तेव्हा प्राण्यातली इजा दिसली की मी आधी विचारते, कुठला प्राणी, निरोगी की आजारी, आणि इजा नेमकी कशामुळे.

या गोळीचा माणसातला खरा त्रास वेगळाच आहे, त्याकडे लक्ष द्या. अंगात पाणी साठतं, कधीकधी हृदयाभोवतीच्या पिशवीतही, आणि नाडी जोरात पळते. म्हणूनच सोबत लघवीची गोळी आणि बहुतेक वेळा नाडी संथ ठेवणारी बीटा ब्लॉकर गोळी देतात, वडिलांना ते दोन्ही चालू आहेत ना हे डॉक्टरांना विचारून घ्या. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दोनेक किलो वाढलं किंवा पाय सुजले तर त्याच दिवशी फोन करा, धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल गाठा.