गाडीखाली इंजिन ऑइलचे थेंब पडतात. मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायला सांगतोय. उतरवू का?

तुमची गाडी दहा वर्षांची, रोज सकाळी खाली रुपयाएवढा काळा डाग, आणि मेकॅनिकने खाली वाकून दोन मिनिटांत निकाल दिला: मागचं ऑइल सील (क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला तेल अडवणारी रबरी कडी) गेलं, गिअरबॉक्स उतरवायचा, चौदा हजार. इंजिन धुतल्याशिवाय गिअरबॉक्सला पाना लावू देऊ नका. एवढं एकच कुणीतरी आम्हाला २०११ साली सांगायला हवं होतं.

आम्ही देवगड तालुक्यातले. बाबांकडे मारुतीची ओम्नी व्हॅन होती, आंब्याच्या पेट्या न्यायला. आमच्या खळ्यात लाल माती, तिच्यात तेलाचा थेंब पडला की जिरून जातो, डाग असा उठत नाही. पावसाळ्यात तर प्रश्नच नाही, सगळं धुऊन जातं. त्यामुळे गळती सुरू कधी झाली ते कळलंच नाही. मार्चमध्ये बाबांनी पेटीचा पुठ्ठा गाडीखाली टाकला तेव्हा सकाळी त्याच्यावर तीन-चार थेंब दिसले. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात बरोबर त्याच्याखाली. बाजारातल्या मिस्त्रीने गाडी खालून बघितली आणि म्हणाला, "मागचा सील गेला हा." त्या जागी तेल दिसलं की नव्वद टक्के लोक हेच म्हणतात. तुमचाही तेच म्हणाला.

पण तेल जिथे दिसतं तिथूनच गळत असतं असं नाही. ते वरून खाली येतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग मागच्या कोपऱ्यात कडक होऊन तडकलं होतं. तिथून पाझरलेलं तेल इंजिनच्या पाठीवरून उतरून गिअरबॉक्सच्या जोडावर जमत होतं. त्यावर जांभ्याची धूळ बसून असा जाड लाल-काळा थर झाला होता की वाट दिसायचीच नाही. मिस्त्रीने सीट उचलून वर बघितलंच नाही.

गिअरबॉक्स उतरला, सील बदललं, सहा हजार गेले. सीलच्या हाउसिंगची खालची बाजू चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, पॅकिंगवर बसते. ते काढताना चेंबरचं पॅकिंग मागे फाटलं. नवीन पॅकिंग मागवायला दोन दिवस लागले असते, म्हणून त्याने सिलिकॉनची ट्यूब पिळली, भरपूर. बाहेर आलेलं सिलिकॉन त्याने बोटाने पुसलं. आत तेवढंच गेलं असणार, ते कोण पुसणार?

गळती तशीच राहिली. मग त्याने जाड तेल भरून दिलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाबा आणि मी पंधरा पेट्या घेऊन कोल्हापूरला निघालो. तळेरे, वैभववाडी, मग करूळ घाट. घाटात एका वळणावर समोरून ट्रक आला म्हणून थांबलो, तेव्हा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. ॲक्सिलरेटर दिला, विझला. बाबांनी गाडी कडेला घेतली, सीट उचलली, तेल मोजायची पट्टी काढून पुसली, परत घालून बघितली. "तेल फुल्ल आसा. स्विच खराब झालो आसतलो." पट्टी मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तेल वरच्या खुणेला होतं.

घाट चढून वर येईपर्यंत खालून ठक ठक सुरू झालं, आणि गगनबावड्याच्या अलीकडे इंजिन बंद पडलं ते पडलंच. पेट्या दुसऱ्या टेम्पोत घातल्या, ओम्नी दोरीने बांधून पन्नासेक किलोमीटर कोल्हापूरपर्यंत नेली. तिथल्या मिस्त्रीने चेंबर खोलला आणि मला हाक मारली. "तेल हाय की ओ भरपूर, पण वर चढंना." तेल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाशी जी जाळी असते, ती सिलिकॉनच्या तुकड्यांनी बुजलेली. पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथली बिग एंडची बेअरिंगं खरवडून गेली होती, क्रँकवर चर. मग त्याने टॅपेट कव्हर काढून मागचा कोपरा दाखवला. पॅकिंग बोटात धरल्यावर बिस्किटासारखं मोडलं. त्या पॅकिंगची किंमत तेव्हा दीडशे रुपयेसुद्धा नव्हती. ब्रीदरचा पाइपही काजळीने बंद होता. तो तुंबला की इंजिनमधली वाफ कोंडते आणि जे पॅकिंग सगळ्यात कमजोर तिथून तेल बाहेर ढकलते. म्हणजे नुसतं पॅकिंग बदलून भागलं नसतं, पाइप साफ करायलाच हवा होता. तुमच्याकडेही तो आधी बघा.

तर तुम्ही काय करायचं. आधी पुठ्ठा टाकून थेंब तेलाचाच आहे ना, इंजिनचाच आहे ना, ते बघा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो. मग इंजिन थंड असताना अल्टरनेटर आणि वायरचे जोड प्लास्टिकने झाकून डिग्रीझरने धुऊन घ्या आणि सुकू द्या. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा आणि टॉर्च घेऊन वरून खाली बघत या, खालून वर नाही. टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेखालून पांढरा कागद फिरवा. ऑइल प्रेशर स्विचचा, म्हणजे त्या लाल दिव्याच्या स्विचचा, कनेक्टर काढून आत तेल आहे का बघा. फिल्टरचं बूड बघा. लगेच काही दिसलं नाही तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा आणि पन्नास किलोमीटर फिरवून आणा, ओली रेघ कुठून निघाली ते दिसेल. समुद्राजवळ राहत असाल तर चेंबरचा पत्राही बघा. खाऱ्या हवेने तो गंजून बारीक भोक पडतं आणि सगळे सीलवर खापर फोडतात.

कव्हरचे बोल्ट जोर लावून आवळू नका. एवढ्याशा बोल्टला हलका जोर पुरतो, जास्त आवळलं तर पत्रा वाकतो आणि पुढच्या पॅकिंगचीही वाट लागते. जाड तेलाने गळती बंद होत नाही, दुरुस्ती लांबणीवर पडते फक्त.

सील खरोखर जातंही, ते नाकारत नाही. धुतल्यावर वरचं सगळं कोरडं आणि गिअरबॉक्सच्या जोडातूनच तेल येत असेल, तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. त्यात चढावर क्लचही घसरत असेल तर आणखीच. मग गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बघून घ्या, आणि चेंबर सुटला तर नवीन पॅकिंग आणल्याशिवाय बंद करू देऊ नका. महिन्याला पट्टीवर जेमतेम फरक दिसत असेल तर घाई नाही. सायलेन्सरवर तेल पडून जळका वास येत असेल तर मात्र आजच दाखवा.

आणि लाल दिवा लागला तर इंजिन बंद. पट्टी भरलेली असली तरी बंद. पट्टी तेल किती आहे ते सांगते, दिवा दाब आहे की नाही ते सांगतो. बाबांना हे माहीत नव्हतं, त्यांची चूक झाली ती एवढीच. डोंबिवलीहून दादाने फोनवर ऐकलं आणि सगळ्या घरात सांगत सुटला, "बाबांनी तेल बघल्यानीच नाय." ज्या माणसाने नऊ वर्षं रोज सकाळी चहाच्या आधी सीट उचलून पट्टी बघितली, त्याच्याबद्दल. बाबा त्याला एका शब्दाने बोलले नाहीत, ओम्नी विकली, आणि २०१९ ला गेले.

ती जाळी मी मिस्त्रीकडून मागून आणली होती. सिलिकॉनसकट डब्यात ठेवली आहे. दादा गणपतीला येतो तेव्हा त्याच्यापुढे ठेवतो. तो म्हणतो, आता कशाला ते. कशाला म्हणजे? पट्टीवर तेल होतं.