क्रीम, शाम्पूवरच्या घटकांची खात्रीशीर माहिती कुठे मिळेल?

घटक तपासणाऱ्या ॲपने लाल खूण दाखवली म्हणून क्रीम टाकून द्यावी का, असं तुम्ही विचारलंय. लगेच टाकू नका. अशी बरीच ॲप्स घटकाचं नुसतं नाव बघतात, प्रमाण बघत नाहीत. आणि खरी मेख प्रमाणातच असते. फिनॉक्सीइथेनॉल या संरक्षकाचंच (प्रिझर्व्हेटिव्हचं) घ्या. युरोपात ते 1 टक्क्यापर्यंत चालतं.

मी आधी वेष्टनावरचं नाव जसंच्या तसं युरोपीय आयोगाच्या 'कॉसिंग' या मोफत डेटाबेसमध्ये टाकते. घटकावर बंदी आहे की मर्यादा, ते तिथे कळतं. त्याहून खोलात जायचं तर त्यांच्याच वैज्ञानिक समितीचे, म्हणजे एससीसीएसचे अहवाल वाचा. भाषा जड असते, पण शेवटचा निष्कर्ष वाचला तरी पुरतं. अमेरिकेतलं सीआयआर (कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू) 1976 पासून घटकांची सुरक्षितता तपासायचं हेच काम करतंय. पैसा उद्योगाचा आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा. आपल्याकडे 2020 चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, आणि कुठले घटक चालतात ते बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) आयएस 4707 या मानकात आहे.

आई वापरायची त्या 'काळ्या मेंदी'च्या पुडीवर पुढे ठळक 'हर्बल' होतं आणि मागे बारीक अक्षरात पी-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे केस काळे करणारं, ॲलर्जी आणू शकणारं रसायन. तिच्या कानामागे खाज सुटून पुरळ आलं तेव्हा कुठे मी पुडी उलटून पाहिली. निव्वळ मेंदी केसांना तांबूस रंग देते, काळाभोर कधीच नाही. त्यामुळे पुडीची मागची बाजू आधी वाचा, आणि पुरळ उठलं तर पुडी घेऊनच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.